पेन्शन येईपर्यंतचं काय? दिव्यांग पेन्शनची वाट बघणाऱ्या घरांसाठी तात्पुरती मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तालुक्यातली काही माणसं मिळून दिव्यांग सर्टिफिकेट आणि पेन्शनच्या फायलींना मदत करतो, आणि पैसे चालू होईपर्यंत त्या घराचा किराणा, औषधं, गाडीभाडं कुठून निघेल ते जुळवून देतो. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, काही घरच्या लोकांचे, काही मंडळं आणि गावातल्या पोरांचे ज्यांना मदत करायचीये पण कुठून सुरू करायचं कळत नाही. ते सगळे इथे एकत्र लिहिलेत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

१. दिव्यांग पेन्शन म्हणतात ती नक्की कोणती आणि किती मिळते?

बहुतेक लोक जिला पेन्शन म्हणतात ती म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासून चालू आहे. वय १८ ते ६५, अपंगत्व किमान ४० टक्के, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, आणि किमान १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असणं ह्या मुख्य अटी. रक्कम आधी महिना १५०० होती, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केलीये. ६५ च्या पुढे गेलं की श्रावणबाळ योजनेत वर्ग करतात.

केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन वेगळी आहे, ती ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना, त्यात केंद्राचा हिस्सा ३०० रुपये. पण ते ३०० राज्याच्या पैशावर जादा मिळत नाहीत, राज्य वरची भर घालून एकूण रक्कम सारखी करतं. लोक दोन पेन्शन धरून हिशोब मांडतात, तसं करू नका.

२. अर्ज केल्यापासून पैसे हातात यायला किती दिवस लागतात?

ह्याचं एक उत्तर देता येत नाही कारण वाट एक नाही, दोन आहेत, एकामागून एक.

पहिली वाट सर्टिफिकेटची. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज, मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी, मग टक्केवारी, मग कार्ड. नियमात आधी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. ऐकू येत नसेल तर बेरा टेस्टचा नंबर, बौद्धिक अपंगत्व असेल तर आयक्यू टेस्टचा नंबर, हे लागले की अजून पुढे.

दुसरी वाट तहसीलची. सर्टिफिकेट, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक जोडून अर्ज संजय गांधी शाखेत जातो आणि तालुक्याच्या समितीच्या बैठकीत मंजूर होतो. बैठक लागली नाही की फाईल तशीच पडून, आणि आचारसंहिता लागली की अजून लांबतं.

मदत करणाऱ्यांनी म्हणूनच पहिल्या भेटीतच विचारायचं की हे घर कुठल्या वाटेवर आहे. सर्टिफिकेट नसलेल्या घराला आणि फाईल तहसीलला पोचलेल्या घराला लागणारी मदत वेगळी असते, पुढचे प्रश्न त्याच हिशोबाने आहेत.

३. उशीर झाला तरी मागची थकबाकी एकदम मिळेल ना? तोवर उधारीवर काढू का?

नका काढू. अर्ज केल्याच्या दिवसापासूनचे पैसे साठून एकदम येतील ह्या भरवशावर दुकानात उधारी, सावकाराकडून पैसे, बचतगटाचं कर्ज असलं काहीही करू नका. पैसे मंजुरीनंतर सुरू होतात, त्याच्या आधीचा काळ हा घराने स्वतःच निभवायचा असतो आणि म्हणूनच तात्पुरती मदत लागते. हे आम्ही प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो कारण आशेवर काढलेलं कर्ज पेन्शन सुरू झाल्यावरसुद्धा कितीतरी महिने ती पेन्शन खातं.

मंजुरीनंतर मध्ये एखाद्या महिन्याचा हप्ता अडकला तर तो वेगळा विषय, तो मागून येऊ शकतो (प्रश्न १५ बघा).

४. सर्टिफिकेटच नाहीये अजून. अशा वेळी कुठली सरकारी मदत मिळू शकते?

बरंच काही मिळतं ज्याला अपंगत्वाचा कागद लागतच नाही, आणि हेच लोकांना माहीत नसतं.

उपचार: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल इथे, केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. ऑपरेशन, ॲडमिट वगैरेला महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, रेशनकार्डवर होतं. मानसिक आजाराची औषधं सिव्हिलच्या मनोविकार विभागात मिळतात, ती बाहेरून विकत घेत बसू नका.

धान्य: प्रश्न ६.

घरात लहान मुलं असतील आणि कमावणारा माणूस गंभीर आजारी असेल किंवा घरात एकच पालक असेल तर बालसंगोपन योजना बघा, १८ वर्षांखालच्या मुलामागे महिना २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. त्यालाही वेळ लागतो म्हणून पेन्शनची वाट बघत थांबू नका, दोन्ही अर्ज एकदमच टाका.

बाईच्या नावाने लाडकी बहीण चालू असेल तर प्रश्न ७ वाचा.

५. ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी म्हणजे काय? सरपंच म्हणतात पैसेच नाहीत.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका ह्या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आधी ३ टक्के होते, २०१८ मध्ये ५ केले. पैसे त्याच वर्षी खर्च व्हायला पाहिजेत.

आता "पैसेच नाहीत" ह्यात तथ्य किती ते बघू. ५ टक्के स्वउत्पन्नाचे, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं असल्या पैशाचे, वरून येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीचे नाही. समजा छोट्या गावाची वसुली वर्षाला २ लाख आहे तर ५ टक्के झाले १० हजार, आणि गावात दिव्यांग १२ असतील तर प्रत्येकी आठशे साडेआठशे. मग दरवर्षी हे पैसे सरसकट वाटून टाकतात, फोटो काढतात आणि कुणालाच काही पुरत नाही. ज्याची पेन्शन अनेक वर्षं चालू आहे त्याला आणि ज्याच्या घरी आज चूल पेटायची मारामार आहे त्याला सारखेच आठशे देण्यात काय अर्थ आहे? आमचं म्हणणं असं की ग्रामसभेत बोलून हा निधी आधी पेन्शनची वाट बघणाऱ्यांना द्यावा, त्यातही पूर्ण झोपून असलेल्यांना आधी. काही गावं असं करतात आणि तिथे कुणी भांडलेलं नाही, कारण ग्रामसभेत नीट समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

ह्या निधीला साधारण सर्टिफिकेट मागतात, त्यामुळे हा दुसऱ्या वाटेवरच्या घरांच्या कामाचा. अर्ज लेखीच द्या, ग्रामसेवकाकडून पोच घ्या. गावात पैसे खरंच संपले असतील तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा ५ टक्के वेगळा असतो, तिकडे अर्ज करा. वसुली किती झाली आणि निधी कुठे खर्चला हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या तिकिटावर विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

६. रेशनवर काही जादा मिळू शकतं का?

प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. दोनतीन माणसांच्या घराला हा फरक खूप मोठा आहे. कुटुंबप्रमुखच दिव्यांग असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर अंत्योदयच्या निकषात ते घर बसतं, अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत. कार्डांचा कोटा भरलेला असतो हे खरं, तरी अर्ज करून ठेवा, जागा रिकामी झाली की अर्ज असलेल्याचाच विचार होतो.

अंगठा उमटत नाही म्हणून दुकानदार परत पाठवतो ही तक्रार सारखी येते, विशेषतः कुष्ठरोग झालेल्यांकडून आणि म्हाताऱ्या माणसांकडून. अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. डोळ्याचं स्कॅन, ओटीपी किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आधारचं काम घरी येऊन करायची सोय आहे.

७. माझ्या बायकोला लाडकी बहीणचे १५०० येतात आणि तिचाच दिव्यांग पेन्शनचा अर्ज केलाय. दोन्हीकडून पकडलं जाईल का?

अर्ज केल्याने काही होत नाही. लाडकी बहीणच्या नियमात असं आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई अपात्र. मिळत असतील, अर्ज केलेला असेल असं नाही. त्यामुळे पेन्शन चालू होईपर्यंत लाडकी बहीण घेणं नियमात बसतं आणि खरं तर कितीतरी घरात तोच वाट बघायच्या काळातला आधार असतो.

पेन्शनचा पहिला हप्ता आला की मात्र लाडकी बहीण सोडायची, तसं लेखी कळवायचं. गप्प बसून दोन्ही घेतलं तर नंतर वसुलीचं बालंट येतं आणि दोन्ही बंद पडायची भीती. आणि दिव्यांग नवरा असेल, त्याच्या नावाने पेन्शन आणि बायकोच्या नावाने लाडकी बहीण, तर ती दोन वेगळी माणसं आहेत, त्याला अडचण नाही. फक्त पेन्शनसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहेच.

८. वडिलांना पॅरालिसिस झालाय, दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात सर्टिफिकेट आत्ता नाही मिळणार. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. स्ट्रोकनंतर सुधारणा होत असते म्हणून टक्केवारी साधारण सहा महिन्यांनी काढतात. पाय कापला असेल तर इतकं थांबावं लागत नाही. पण ह्या सहा महिन्यांत त्या घराकडे कुठलाच कागद नसतो, आणि सगळ्यात जास्त खर्च नेमका तेव्हाच होतो. कमावणारा झोपलेला, बायको त्याच्याजवळ म्हणून तिचीही मजुरी बंद, आणि युरिन बॅग, डायपर, फिजिओथेरपी, रिक्षा हे सगळं रोजचं. आमच्या यादीत अशी घरं सगळ्यात वर असतात, सर्टिफिकेट दाखवा मग मदत असं आम्ही म्हणत नाही, दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर पुरतो.

अपघातामुळे झालं असेल तर लगेच हे तपासा, कारण ह्यांना मुदती असतात:

बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कट झालेले दिसतात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाताने पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. पुष्कळ जणांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसतं.

शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत अर्ज.

कंपनीत ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर कामावर झालेल्या दुखापतीला रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात. पीएफ कापत असतील तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ईपीएसची पेन्शन आहे आणि त्याला दहा वर्षं नोकरी लागत नाही, एक महिन्याचा भरणा असला तरी चालतो. ठेकेदार हे सांगत नाही, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधा.

९. आमचं मंडळ दर महिन्याला किट देणार आहे. काय काय घालावं?

तांदूळ आणि गहू घालू नका. ते रेशनवर येतं, आणि किटमध्ये दहा किलो तांदूळ टाकला की किट भरल्यासारखं दिसतं पण घराची नड भागत नाही. तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, मीठ-मिरची, अंगाचा आणि कपड्याचा साबण, हे घाला. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर, गॉज, पावडर. डायपरचा साईज विचारूनच घ्या. बाईला पॅड लागतात का हे तुमच्यातल्या एखाद्या ताईने विचारायचं, पुरुषांनी विचारलं तर "नको" हेच उत्तर येणार.

दुसरं म्हणजे गाडीभाडं. बोर्डाची तपासणी आठवड्यातल्या ठरलेल्या वारी असते, सकाळी लवकर पोचावं लागतं, झोपलेल्या माणसाला एसटीने नेता येत नाही आणि रिक्षा-टेम्पोचं जाऊन येऊन भाडं किराणापेक्षा जास्त होतं. एसटीत ७५ टक्के सवलत आहे पण ती कार्ड आल्यावर. जितक्या फायली आम्ही अडलेल्या बघतो त्यातल्या कितीतरी केवळ भाडं नाही म्हणून तारीख चुकल्यामुळे अडलेल्या असतात. शंभर घरांना किट वाटण्यापेक्षा वीस घरांना किट आणि बोर्डाच्या दिवशीची गाडी द्या.

तिसरं, वस्तू. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी ही वापरायला देऊन परत घेता येते, बऱ्याच गावांत कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते. देण्याआधी टेप घेऊन जा आणि घराचं दार, संडासाचं दार मोजा. व्हीलचेअर दारातून जात नाही म्हणून अंगणात गंजत पडलेली आम्ही पाहिलीये. हवेची गादी मात्र थांबून देऊ नका, पाठीला जखम झाली की ती भरायला महिने जातात. नवीन साधनं नंतर केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात, महिना उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर मोफत, पण त्याला ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट पाहिजे.

१०. एका घराला तीन ठिकाणांहून मदत जाते आणि शेजारच्या घराला काहीच नाही. हे कसं टाळायचं?

गावात एक यादी आणि प्रत्येक घरामागे एक माणूस. बाकी काही नाही. मंडळ, गुरुद्वारा, चर्च, जमातचे लोक, रोटरी, आशाताई, सगळ्यांनी महिन्यातून एकदा यादी समोर ठेवून बोलायचं की ह्या महिन्यात कोण काय देतंय. यादीत नाव, वाट पहिली की दुसरी, फाईल कुठे आहे, पुढची तारीख कोणती, कोण काय देतंय इतकंच लिहा. आजाराचं नाव लिहू नका, लागत नाही (कागदांबद्दल प्रश्न १३).

घरामागचा जो माणूस ठरलाय त्यानेच फाईलची विचारपूस करायची. चार जण तहसीलला जाऊन तेच विचारतात तेव्हा क्लार्क वैतागतो आणि घरच्यांना चार वेगवेगळी उत्तरं मिळतात. आशाताईंना आधी विचारा, कुठल्या घरात कुणी झोपून आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, पण त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे म्हणून यादी सांभाळायचं काम त्यांच्या गळ्यात टाकू नका.

किट देताना "फाईल पूर्ण केली नाही तर पुढच्या महिन्यात नाही" असं म्हणणारे भेटतात. असं करू नका. फाईल अडली तर ती का अडली ते शोधणं आपलं काम आहे, पोटाला चिमटा काढून कुणाचा कागद लवकर येत नाही.

११. मंडळाने दिलेली मदत उत्पन्नात धरतात का? पेन्शन नाकारतील अशी भीती वाटते.

किराणा, औषधं, वापरायला दिलेली व्हीलचेअर ह्याचा उत्पन्नाच्या दाखल्याशी संबंध येत नाही, तलाठी अहवालात शेती, नोकरी, मजुरी, धंदा असं लिहितात. पैसे द्यायचे तर शक्यतो दुकानदाराला, मेडिकलला, रिक्षावाल्याला थेट द्या आणि पावती ठेवा. दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात टाकत राहिलात तर उगाच कुणी शंका काढतो.

वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजाराच्या थोडं वर. ही मर्यादा कमी आहे हे आमचंही मत आहे, पण म्हणून दाखल्यावर खोटा आकडा टाकायला कुणालाच सांगू नका, पुढे पडताळणीत अडकतं ते घर, सांगणारा नाही.

१२. पेन्शन सुरू झाली की दिलेली मदत थोडी थोडी परत मागायची का, म्हणजे दुसऱ्याला देता येईल?

नाही. आधीच प्रश्न ३ मध्ये लिहिलंय की मागची थकबाकी येत नाही, मग परत कशातून करणार? व्हीलचेअर, गादी ह्या वस्तू परत घ्या, ते आधीच सांगून दिलेलं असतं. किराण्याचा आणि भाड्याचा हिशोब मंडळाच्या वहीत राहू दे, घरच्यांना तो दाखवायची गरज नाही.

१३. सगळे कागद ग्रुपवर टाकले तर पटकन काम होईल ना?

आधार, पासबुक, यूडीआयडी, मानसिक आजाराचे रिपोर्ट ग्रुपवर अजिबात टाकू नका. घराला एक प्लास्टिकची फाईल द्या, वर कागदांची यादी लिहा, ओरिजिनल घरच्यांकडेच ठेवा आणि तुमच्याकडे फक्त झेरॉक्स. किट देतानाचे फोटोही नकोत, देणगीदाराला पावती दाखवा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. यूडीआयडीचा फॉर्म भरताना मोबाईल नंबर कुणाचा टाकलाय ते बघा. पुष्कळदा सेंटरवाला स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो, मग तपासणीच्या तारखेचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, घरच्यांना कळतच नाही आणि ते म्हणत बसतात की सरकारने बोलावलंच नाही. अर्ज दोन वर्षं तसाच राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. एनरोलमेंट नंबर लिहून फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवा.

एजंट ठरवून पैसे मागत असेल तर देऊ नका. सर्टिफिकेटची टक्केवारी "वाढवून देतो" म्हणणारा तर दारातही उभा करू नका, खोट्या सर्टिफिकेटला दंड आणि शिक्षा दोन्ही आहे आणि पडताळण्या आता कडक झाल्यात.

१४. टक्केवारी ४० च्या खाली आली, ३५ आली. आता काहीच नाही का?

कार्ड मिळतं, पांढरं. ४० ते ८० ला पिवळं, ८० च्या वर निळं. पण पेन्शनला ४० लागतात. निर्णय चुकीचा वाटत असेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. अपील करण्याआधी बघा की सगळ्या अडचणी तपासल्या गेल्या का. एका डोळ्याचं दाखवलं आणि कानाचं दाखवलंच नाही असं होतं, कायद्यात २१ प्रकार आहेत आणि एकापेक्षा जास्त असतील तर एकत्र टक्केवारी निघते.

अपीलातही वेळ जातो. त्या काळात तात्पुरती मदत थांबवू नका. आणि अपंगत्व कमी असलं तरी संजय गांधी योजनेत दुसरे गट आहेत, निराधार विधवा, क्षयरोग, कॅन्सर, एड्स, सिकलसेल वगैरे, त्यात ते माणूस बसतं का बघा. त्या गटांना उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांची ५० हजारांची इथे लागू होत नाही.

१५. मंजुरीचं पत्र आलं, यादीत नाव आहे, पण खात्यात काहीच नाही. कुठे अडलं असेल?

दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये आधार. पैसे आता डीबीटीने येतात, म्हणजे पासबुकाच्या नंबरवर न जाता आधार ज्या खात्याला सीड आहे तिथे जातात. खात्याला आधार लिंक असणं आणि सीडिंग असणं (म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारला जोडलेलं एकच खातं) ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधीतरी गॅस सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलेलं असतं आणि पैसे गुपचूप तिकडे जमा होत असतात. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की बँकेचं नाव दिसतं. खातंच नसेल तर पोस्टमन घरी येऊन पोस्ट पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, चालता न येणाऱ्यांसाठी हे फार सोयीचं.

ह्या टप्प्यावर किट बंद करायची चूक खूप होते, मंजूर झालं ना मग आता काय. लागोपाठ दोन हप्ते खात्यात दिसल्याशिवाय मदत थांबवू नका.

१६. मुलगा १८ पूर्ण झालाय, बौद्धिक अपंगत्व आहे. बँक म्हणते तो सही करू शकत नाही, आईवडिलांच्या सहीवर चालणार नाही.

१८ नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता ह्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते आणि बँकेने ते मानायचं असतं. कोर्टात जायची गरज नाही. मूल १७ वर्षांचं झालं की कागद गोळा करायला लागा. ह्याच चार प्रकारांना निरामय आरोग्य विमा आहे, १ लाखापर्यंत, पेन्शन मंजूर व्हायची वाट न बघता त्याचा फॉर्म भरता येतो.

मानसिक आजार ह्या कायद्यात येत नाही, तिथे वेगळी वाट आहे, त्या घराने आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मोफत वकील मागावा.

१७. आम्ही ऊसतोडीला जातो, सहा महिने गावात नसतो. अर्ज कुठे करायचा?

पेन्शनचा अर्ज मूळ तालुक्यातच. यूडीआयडी देशभर चालतं आणि उपचार घेताय त्या जिल्ह्याच्या दवाखान्यातही तपासणीची सोय नियमात आहे, म्हणून बोर्डाची तारीख फडावर असताना आली तर आधी फोनवर विचारा. रेशन मात्र कुठल्याही जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातसुद्धा तुमच्याच कार्डावर घेता येतं. गावातल्या मंडळाने कारखान्याच्या भागातल्या एखाद्या मंडळाचा नंबर घेऊन ठेवावा, म्हणजे झोपलेलं माणूस कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) असेल तर तिथे डायपर आणि औषधं पोचतील.

दुसऱ्या राज्यातून येऊन १५ वर्षं झाली नसतील तर महाराष्ट्राची पेन्शन नाही बसत, मूळ राज्यात अर्ज करायला मदत करा. तोवरची किटची मदत करताना आम्ही राज्य विचारत नाही.

१८. वाट बघता बघता माणूस गेलं. आता घरच्यांना काही मिळतं का?

मंजुरीच झाली नसेल तर त्या अर्जावर वारसाला काही मिळत नाही. पण तो १८ ते ५९ वयाचा घरातला मुख्य कमावता असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २० हजार मिळतात, अर्ज त्याच संजय गांधी शाखेत. मृत्यूचा दाखला मिळाला की लगेच करा. बायकोचा निराधार विधवा म्हणून संजय गांधीचा अर्ज आणि मुलांचं बालसंगोपन (प्रश्न ४) हेही त्याच आठवड्यात. रेशनकार्डावरचं नाव कमी करताना कार्ड अंत्योदयचं असेल तर ते बायकोच्या नावावर करून घ्या, रद्द होऊ देऊ नका.

१९. पेन्शन दोन वर्षं चालू होती, मध्येच बंद पडली. पुन्हा तात्पुरत्या मदतीच्या यादीत घेता येईल का?

घ्या, लगेच. बंद पडायची कारणं बहुतेक ठरलेली: हयातीचा दाखला दिला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधार सीडिंग बदललं (प्रश्न १५), किंवा सर्टिफिकेट तात्पुरतं होतं आणि त्याची मुदत संपली. शेवटचं कारण मानसिक आजार आणि लहानपणी काढलेल्या सर्टिफिकेटमध्ये जास्त दिसतं, कार्डावर मुदत छापलेली असते, ती संपायच्या तीन-चार महिने आधी पुन्हा तपासणीचा अर्ज टाकायचा.

तहसीलमध्ये तोंडी विचारू नका, बंद का झालं ते लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, तिथेही नाही हललं तर माहिती अधिकार. चालता न येणाऱ्या माणसाला हयातीच्या दाखल्यासाठी उचलून आणायला लावत असतील तर तलाठ्याने घरी येऊन पंचनामा करावा असा अर्ज द्या, आम्ही दिलेले असे अर्ज मान्य झालेत. आणि ज्या घरांची पेन्शन चालू झालीये त्यांची नावं यादीतून खोडू नका, वेगळ्या पानावर लिहा आणि समोर दाखल्यांच्या तारखा टाका.